पुलापलीकडची आना

विषुववृत्ताजवळच्या या बेटावर, बिशान भागातल्या आमच्या कॉन्डोत शेजारच्या फ्लॅटमध्ये उर्स ब्रुनर राहायचे. स्वित्झर्लंडच्या एका डोंगरी खेड्यातून आलेले. चाळीस वर्षं मिऱ्यांचा व्यापार केला आणि तेवढीच वर्षं जर्मनमध्ये कविता लिहिल्या. माझी बायको गार्गी पुण्यात जर्मन शिकलेली, त्यामुळे त्यांची पहिली वाचक तीच.

मी जहाजांवरच्या शीतगृहांचा इंजिनिअर. मार्चमध्ये त्यांनी मला बोलावून घेतलं.

"एसी बंद आहे, तरी या टेबलापाशी थंडी वाजते."

भर दुपार होती. खोलीत एकतीस अंश. लिहायच्या टेबलापाशी चार. मी थर्मामीटर बदलला, भिंतीतले पाइप तपासले. काही सापडलं नाही. खोलीत नेहमीचा मिऱ्यांचा वास होता आणि त्यात दुसरा एक, ओल्या लोकरीचा.

"सध्या काय लिहिताय?" मी सहज विचारलं.

"आनाकडे चाललोय. माझी बहीण. मी बारा वर्षांचा, ती सात. बर्फाच्या वादळात तिला पुलापलीकडे उभं केलं आणि मदत आणतो म्हणून पळालो. खरं म्हणजे घाबरून पळालो. हे मी कुणालाच सांगितलं नाही. ती सापडली नाही." ते वहीकडे बघत राहिले. "आता रोज एक कडवं लिहितो. रोज थोडा जवळ जातो."

पुढच्या आठवड्यात दोन अंश. मग शून्य. त्यांच्या कपातल्या चहावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

"लिहिणं थांबवा," मी म्हणालो. "चार दिवस आमच्याकडे या राहायला."

"आता कसं थांबवू? काल तिनं मला पाहिलं."

चेहरा इतका निवांत होता, की मी पुढे काही बोललो नाही. ते अजून सलतं.

मंगळवारी ते खुर्चीतच गेले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मी टेबलापाशी थर्मामीटर धरला. एकतीस.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या वकिलानं वही आणून दिली. ती गार्गीला द्यावी, अशी चिठ्ठी होती.

गार्गीनं शेवटचं पान काढलं.

"'पूल ओलांडला.' एवढंच लिहिलंय."

"आणि खाली?"

तिनं पान डोळ्यांजवळ नेलं.

"हे त्यांचं अक्षर नाही, हेमचंद्र. लहान मुलाचं आहे. 'किती उशीर केलास, दादा. चल.'"

तिनं त्या ओळीवर बोट टेकवलं.

बोटाला शाई लागली.