दहा मिनिटं मशीन बंद

"अहो, बोट नका लावू!"

राजसी एवढी दचकली की हातातली निगेटिव्हची पट्टी सुटलीच असती. कॅम्प दोनच्या बाजारातल्या फ्रेमच्या दुकानात, ट्यूबलाइटसमोर पट्टी धरून, एक डोळा मिटून ती बघत होती. आणि काउंटरच्या आतून हा कोण कुठला पोरगा, एका हातात हातोडी, दातांत दोन खिळे, तिच्यावर खेकसत होता.

"ओरडायला काय झालं एवढं?"

त्याने खिळे काढून खिशात टाकले. "सॉरी. पण बोटाचं तेल लागलं की ठसा राहतो. कडेला धरा... अलगद. हां, असं. न्हाऊ घातलेलं बाळ धरतात तसं."

"बाळांचा बराच अनुभव दिसतोय तुम्हाला."

"निगेटिव्हांचा आहे," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. आता कानांचं मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे ते पुष्कळ वेळा लाल होणार आहेत. या माणसाला मनातलं लपवायची सोयच देवाने ठेवली नव्हती. नाव विनीत.

राजसी बदलापूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, दुपारी दोनची ड्युटी. राहायला पालेगावात, शेतं संपून उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरमध्ये, ती आणि पप्पा, दोघंच. पप्पा, म्हणजे आनंदा, गेल्याच महिन्यात अंबरनाथच्या कंपनीतून रिटायर झाले. शेवटच्या दिवशी लॉकर रिकामं करून आणलं: एक डबा, हातमोजे, आणि कागदाच्या पाकिटात ही पट्टी.

"घे," ते म्हणाले होते. "तुझी आई आहे त्यात. पण नीट नाही आलेली. बटण दाबताना माझा हात हलला होता, म्हणून छापूनच घेतला नाही."

आई, मीनल, गेली तेव्हा राजसी तीन वर्षांची. बदलापूरला नदीकाठच्या चाळीत राहत होते तेव्हा पुराने अल्बम नेला. मागे राहिला तो पप्पांच्या कंपनीच्या मेडिकल कार्डासाठी काढलेला पासपोर्ट फोटो, तोच मोठा करून भिंतीवर. त्यात आई अशी बघते की जणू कुणीतरी तिला ओरडलंय. आई हसताना कशी दिसायची, हे सत्तावीस वर्षांच्या राजसीला ठाऊक नव्हतं.

"एका दुकानात स्कॅन करून घेतलं," तिने विनीतला मोबाइल दाखवला. "आईच्या जागी हिरवा ढग आला. पप्पा म्हणाले, बघ, सांगितलं होतं ना."

विनीतने पट्टी हळूच उजेडात धरली. चार चौकोन. पहिल्या तिनांत म्हैस. चौथ्यात ओट्यावर बसलेली बाई आणि मांडीवर बाळ... दात काळे, केस पांढरे, निगेटिव्हमध्ये असतात तसे.

"म्हैस कोणाची?"

"आईच्या माहेरची, जांभूळची. पप्पांनी नवीन कॅमेरा आधी तिच्यावर करून बघितला."

"आणि आईवर एकच?"

"हं. त्यांना वाटलं, हात बसला की मग चांगले काढू. आणि मग..." ती थांबली. "मग ती राहिलीच नाही. त्यानंतर पप्पांनी कॅमेऱ्याला हात नाही लावला."

विनीतने पट्टी अलगद पाकिटात सरकवली आणि म्हणाला, "बुधवारी दुकान बंद असतं. मी घरी करतो हे काम. बाबांचा स्टुडिओ होता, त्यांची लेन्स आहे माझ्याकडे. खालून दिवा, वरून कॅमेरा. मस्त शार्प यायचं. म्हणजे... दोन महिन्यांपासून लेन्स जरा रुसलीय. पण बघू ना. या तुम्ही?"

ती "बघते" म्हणाली. मुली असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांचं ठरलेलं असतं.

पहिल्या बुधवारी ती सकाळी दहालाच हजर. जुन्या इमारतीचा वरचा मजला, लोखंडी गर्डरवर लादी टाकलेली, आणि खाली जीन्सचा कारखाना, घर्रर्र घर्रर्र. दार सताड उघडं, बाहेरच्या खोलीत विनीतची आई गयाबाई मेथी निवडत बसलेल्या.

विनीतने दिव्यावर, जिथे फिल्म ठेवायची तिथे, आधी हातभर आरसा ठेवला.

"हे काय? मेकअप करायचाय?"

"कॅमेरा सरळ आहे का ते आरसा सांगतो. लेन्सला स्वतःचा डोळा बरोबर मधोमध दिसला पाहिजे. जरा तिरका असला की एक कोपरा धूसर होतो. बघा बरं, मधोमध आहे?"

ती वाकली. तोही वाकला. आरशात मधोमध लेन्सचा काळा डोळा, आणि दोन्ही बाजूंना दोघांचे चेहरे. तो लेन्सकडे बघत नव्हता.

"मधोमध आहे," ती आरशातल्या विनीतला म्हणाली. "पण तुमचं लक्ष तिरकं आहे."

कान! काय सांगू, टोमॅटो परवडला.

त्या दिवशी काम झालं नाही. इतकी वर्षं पाकिटात राहून पट्टी पापडासारखी वळली होती. मधलं नीट दिसायचं तर कडा जायच्या. शेवटी विनीतने तिला बटर पेपरमध्ये घालून जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत ठेवलं, आणि वर गयाबाईंचा पाटा.

"आठवडाभर राहू दे. पुढच्या बुधवारी यावं लागेल..." तो म्हणाला. चेहरा दुःखी ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला.

"आणि मी आठवडाभर चटणी कशावर वाटू?" बाहेरून गयाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या बुधवारी पट्टी सपाट. आरसा झाला, टायमर लावला, क्लिक. विनीतने लॅपटॉपवर रंग उलटे केले आणि हिरवी साडी उमटली. राजसी पुढे सरकली. पण चेहरा... परत ढगच.

"हात हललाच होता मग," ती पुटपुटली.

"थांब ना," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गेलं हे दोघांनाही कळलं नाही. "चेहऱ्यावरून ठरवायचं नसतं. फिल्मला बारीक दाणे असतात. ते रव्यासारखे सुटे दिसले, की समजायचं, फिल्ममध्ये होतं तेवढं सगळं आलं. मग चेहरा धूसर असेल तर तो फोटोच तसा. पण इथे दाणेच दिसत नाहीयेत. म्हणजे चूक पप्पांची नाही, माझी आहे. लेन्स गेली बहुतेक. बाबांची लेन्स..."

राजसी स्क्रीनवर वाकली. दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये बघणारे डोळे तिचे. "हे दाणे ओढल्यासारखे झालेत. सगळे एकाच दिशेला. आमच्याकडे त्याच टेबलावर रक्ताच्या नळ्या फिरवणारं सेंट्रिफ्यूज चालू असलं की असंच दिसतं." ती उठली, बाहेरून पाण्याने भरलेला स्टीलचा पेला घेऊन आली आणि कॅमेऱ्याच्या टेबलावर ठेवला. "बघ."

पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

"हा कारखाना किती दिवस झाले?"

"दोन महिने..." विनीत म्हणाला, आणि कपाळावर हात मारला. "दोन महिने! आधी गोदाम होतं खाली. आणि मी येडा लेन्सला शिव्या घालतोय. विकायला काढली होती मी ती, राजसी! परवा गिऱ्हाईक येणार होतं."

"मग? थँक्यू म्हण."

"थँक्यू," तो म्हणाला, आणि इतकं मनापासून म्हणाला की तिची चेष्टा तिथेच विरघळली. बापाची आठवण वाचली होती त्याची. तो लेन्सच्या कडेवरून बोट फिरवत राहिला आणि ती बघत राहिली.

पण प्रश्न होताच. मशीन बंद व्हायच्या दीडला, जेवणाच्या सुट्टीत. आणि दोनला राजसीची बदलापूरला ड्युटी.

"तू एकट्याने काढून ठेव ना," ती म्हणाली.

"काढीन. पण पहिल्यांदा तू बघायला हवीस. तुझी आई आहे." मग त्याने खाली बोट दाखवलं. "शेठशी बोलतो मी."

हेमचंद्रशेठ म्हणजे खालच्या कारखान्याचे मालक. सिंधी माणूस, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. ते काय म्हणाले हे विनीतने सांगितलं नाही. "अकरा वाजता दहा मिनिटं बंद ठेवतील," एवढंच म्हणाला. पण बोलताना नजर जमिनीवर आणि कान, तुम्हाला माहीतच आहे.

तिसरा बुधवार. आरसा ठेवला, उचलला. पट्टी ठेवली. अकराला खालून शेठचा आवाज, "बंद करो रे सब!" आणि एकेक करून वीस मशीन थांबल्या. घरात अशी शांतता पसरली की गयाबाईंच्या हातातली शेंग मोडल्याचं ऐकू आलं. पेल्यातलं पाणी आरशासारखं झालं.

"हलायचं नाही," विनीत कुजबुजला. "सेकंदभर शटर उघडं राहतं."

दोघं श्वास धरून उभे राहिले. टायमर... दोन... एक... क्लिक. तिने त्याची बाही कधी घट्ट धरली होती, देव जाणे.

त्याने फोटो मोठा केला. मोठा, अजून मोठा. दाणे उमटले, सुटे, स्वच्छ. आणि त्या दाण्यांतून आई आली. गळ्यातले काळे मणी एकेक मोजता येत होते. कपाळावर चिकटलेली बट. ओट्याच्या कडेला सारवणाचे बोटांचे फराटे. आणि ती हसत होती, डोळे बारीक करून, तोंडभर, खालचा एक दात जरा वाकडा. राजसीने नकळत जिभेने स्वतःचा खालचा दात चाचपला. तोच. तसाच.

"शार्प आहे," विनीत म्हणाला. "एकदम शार्प. त्यांचा हात नव्हता हलला, राजसी."

"मग हे काय?" तिने बोट दाखवलं. फोटोत एकच गोष्ट धूसर होती. मांडीवरच्या बाळाचा हात. वर उडालेला, आईच्या गालाकडे निघालेला, नुसता एक गोरा फराटा.

राजसी बघत राहिली. मग रडू आणि हसू एकदमच आलं तिला. "मी," ती म्हणाली. "मी हलले! आईला फटका मारला मी, म्हणून ती हसतेय... आणि पप्पा इतकी वर्षं..." विनीतने रुमाल पुढे केला, लेन्स पुसायचा, मऊ, सगळ्यात चांगला.

"कसे फेडू तुझे उपकार," ती डोळे पुसत म्हणाली.

"उपकार कसले. तू पेला आणून ठेवला नसतास तर..."

आणि त्या टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत खालून शेठचा आवाज घुमला, "क्या हुआ विनीत? बोला क्या लड़की को? साईं, कस्टमर के लिए मैं मशीन बंद नहीं करता, तूने बोला दिल का मामला है, इसलिए बंद किया! दस मिनट हो गए!"

वीस कारागीर खी खी करून हसले.

विनीत भिंतीला टेकला. "राजसी... ते... म्हणजे शेठ ऐकतच नव्हते. विचारत होते, कोण आहे ती. मी... खोटं नाही बोललो मी."

"मला पहिल्याच बुधवारी कळलं होतं," बाहेरून गयाबाई म्हणाल्या. "पाटा काय उगाच दिला?"

राजसी त्याच्याकडे बघत होती. शांतता मागायला जाऊन सगळ्या कारखान्याला मनातलं सांगून बसलेला हा माणूस. आणि का? तर तिची आई तिनेच पहिल्यांदा बघावी म्हणून. ती खिडकीशी गेली, वाकली आणि ओरडली, "शेठ! बोलला तो! माझं हो आहे! करा मशीन चालू!"

खाली असा गलका झाला की विचारू नका. मग घर्रर्र सुरू झाली, पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं, आणि विनीतचे कान परत लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालेगावात तिने पप्पांच्या हातात मोठा प्रिंट दिला. आनंदा खुर्चीत बसले. चष्मा पुसला, परत लावला. बोट न लावता, कडेला धरून बघत राहिले.

"पप्पा, हात तुमचा नाही, माझा हलला. हा बघा."

ते हळूच म्हणाले, "ती म्हणायची मला, पोरगी हलली, तुम्ही नाही. मला वाटायचं, माझी समजूत काढतेय." डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं त्यांच्या, आणि ओठ मात्र हसत होते. "कोणी काढलं गं हे?"

"विनीतने. तो... पप्पा, तुम्ही चला ना बुधवारी."

चौथ्या बुधवारी पप्पा गेले. गयाबाईंनी पाट्यावरच्या चटणीसोबत भाकरी वाढली, शेठ वर येऊन दोन घास खाऊन गेले. आणि निघताना विनीतने कपाटातून बाबांचा फिल्मचा कॅमेरा काढला, रोल भरलेला, आणि पप्पांपुढे धरला.

"काका, आमचा एक काढता?"

आनंदांनी हात मागे घेतला. मग राजसीकडे बघितलं. मग कॅमेरा घेतला, दोन्ही हातांनी, कोपर छातीशी घट्ट. तो हात दगडासारखा स्थिर होता.

खिडकीशी दोघं उभे. ऊन तिरकं आलेलं. पप्पांनी एक डोळा मिटला.

"राजू," ते म्हणाले, "या वेळी हलू नको हं."

"नाही हलत, पप्पा," राजसी म्हणाली, आणि विनीतचा हात घट्ट धरून उभी राहिली.