सोयर

शेवडेबाईंच्या बाळंतघराला कुलूप लागून बरीच वर्षं लोटली होती. आता तिथे विद्यापीठाची ध्वनिप्रयोगशाळा होती. कऱ्हाडकरांनी मात्र ते नवं नाव काही मनावर घेतलं नाही. रिक्षावाले अजून 'बाळंतघर' म्हटल्यावरच तिथे आणून सोडत, आणि उतरणाऱ्या बाईचे पांढरे केस बघून गालातल्या गालात हसत. त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर अशा पाच-सहा जणी बसल्या होत्या. पहिला नंबर रोहिणीबाई घोरपड्यांचा होता.

"काकू, ही तुमचीच खोली ना?" डॉ. तन्वी खैरमोडेने विचारलं. पोरगी पस्तिशीची असेल.

"हीच. पण टेबल तिकडे होतं."

"बाकी सगळं बदललं, भिंतींना मात्र हात लावला नाही. त्यांच्यासाठीच तर ही पडकी इमारत घेतली आम्ही."

चुन्याचा गिलावा चार दिवसांत वाळतो, पण पक्का व्हायला वर्षानुवर्षं घेतो. हवा पिऊन त्यातले बारीक स्फटिक वाढत राहतात, झाडाच्या खोडात वर्षाची वळी वाढावीत तसे. खोलीत कुणी बोललं की वाढता स्फटिक थरथरतो आणि ती थरथर त्या दिवसाच्या थरात राहून जाते. लेझरने असे थर वाचायचे, याचं नाव चुनावाचन. हा शोध लागला आणि लोक भाड्याचं घर सोडताना भिंती खरवडून जाऊ लागले. शेवटी सरकारने कायदा केला: ज्याचा आवाज, त्याचा होकार हवा; बाळंतघरात बाळंतिणीचा.

"तुम्ही नको म्हणालात तर तो दिवस सोडून देऊ," तन्वी म्हणाली. "भिंतीला कुणाचं सोयरसुतक नसतं, काकू. जे झालं ते ऐकवते. म्हणून विचारते."

रोहिणीबाईंना एकच गोष्ट ऐकायची होती. पस्तीस वर्षांपूर्वी त्या याच खोलीत शुद्धीवर आल्या तेव्हा शेजारी बाळ नव्हतं. "रडलंच नाही गं," एवढंच थोरल्या नणंदेने, आक्काने, सांगितलं. मुलगा की मुलगी तेही नाही. तोंडसुद्धा बघू दिलं नाही, परस्पर पुरून आली. तेव्हापासून रोहिणीबाईंनी आक्काशी बोलणं टाकलं. गेल्या वर्षी आक्का वारली, तरी या गेल्या नाहीत. पण मनातला भुंगा काही थांबेना. खरंच रडलं नसेल?

"लाव," त्या म्हणाल्या.

भांड्यांचा खणखणाट झाला. "बाई, रक्त थांबत नाहीये!" कुणीतरी ओरडलं. मग बराच वेळ नुसती धावपळ. रडणं कुठेच नाही.

रोहिणीबाईंनी श्वास सोडला. "खरंच बोलली म्हणायची आक्का. बंद कर गं."

तन्वीने हात पुढे केला, तेवढ्यात अगदी जवळून आवाज आला. कुणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं असावं.

"कुर्रर्र..."

बारशाला आत्या बाळाच्या कानात करते, तेच.

"केतकी," आक्का कुजबुजत होती. "आईनं तुझ्या केतकी ठेवलंय हं. नाव घेऊन जा, बाय माझी. बिननावाची जाऊ नकोस."

त्यावर एक आवाज आला. रडणं नव्हे, मांजराच्या पिल्लाने झोपेत कुईं करावं एवढाच. पुन्हा एकदा आला. मग नाही. मग आक्काचे हुंदके तेवढे.

केतकी हे नाव रोहिणीबाईंनी सातव्या महिन्यात एकट्या आक्काच्या कानात सांगितलं होतं.

"खोटं बोलली," त्या पुटपुटल्या. "माझ्यासाठी खोटं बोलली गं ती. आणि मी जन्मभर तिचं तोंड पाहिलं नाही."

तन्वीने पाण्याचा पेला आणला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवू लागली. रोहिणीबाई झटकन मागे सरकल्या.

"शिवू नकोस, पोरी. मला सोयर आलंय."

"सोयर म्हणजे?" तन्वीने विचारलं.

"मुलगी झाली ना मला." त्यांनी भिंतीवर तळवा टेकला. "आणि सुतकही आलंय. दोन्ही आजच."

रोज तोंडात असलेल्या शब्दाचे दोन तुकडे तन्वीने पहिल्यांदाच वेगवेगळे ऐकले. पेला तिच्या हातातच राहिला. बाहेर बाकावरची दुसऱ्या नंबरची बाई पदर सावरून उठली आणि दाराशी येऊन उभी राहिली.