आईचं कातडं

डॉक्टर विरूपाक्ष तसे खमके गडी. भुताखेताचं काही कानावर आलं की म्हणायचे, "आधी ताप मोजा, मग बोलू." सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात ते परभणीच्या एका दवाखान्यात होते, आणि एका वहीत रोज न चुकता टिपत होते: एका माणसाची कातडी दुसऱ्याच्या अंगावर किती दिवस तग धरते.

तेव्हा खाटेवर म्हाळसाबाई होती, पालमकडच्या मेंढपाळांची लेक. चुलीपाशी पदर पेटला आणि सगळी पाठ गेली. उघड्या पाठीनं माणूस फार दिवस काढत नाही. म्हणून तिची आई कोंडाबाई आपल्या मांडीची कातडी द्यायला पुढं झाली. डॉक्टरांनी त्या कातडीचे चार तुकडे लेकीच्या पाठीवर बसवले. परकी कातडी तीनेक आठवड्यांत गळून पडते. तेवढ्यात खालून स्वतःची धरली की बाई वाचली. कोंडाबाई चार दिवसांत मांडीला पट्टी बांधून कळपामागं गेलीसुद्धा. बसून राहणं तिला ठाऊकच नव्हतं.

सहाव्या दिवशी पट्टी सोडली तर तुकड्यांवर काट्यांचे ताजे ओरखडे. रेघ एका तुकड्यावर सुरू व्हायची, मधलं उघडं मांस सोडून द्यायची आणि पुढच्या तुकड्यावर नीट चालू लागायची. म्हाळसाबाई तर हातसुद्धा हलवत नव्हती.

"कुणी ओरबाडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी न्हाई, डागदरसाब. आई बाभळीत शिरली आसंल."

दोन दिवसांनी तिचा भाऊ येडबा शेळीचं दूध घेऊन आला. "कोकरू अडकलं व्हतं काट्यात," तो सहज सांगू लागला. "काढता काढता आईची पाठ लय सोलवटली."

डॉक्टरांनी ते वहीत लिहिलं आणि लगेच खोडलं. त्यांना स्वतःचाच राग आला.

अकराव्या दिवशी भर दुपारी चारही तुकडे तव्यासारखे तापले आणि तासाभरात गार पडले. बाकी अंग उन्हाळ्यानं घामेजलेलं. म्हाळसाबाई उशीत तोंड खुपसून रडायला लागली. संध्याकाळच्या एसटीनं येडबा आला. त्याचं तोंड बघूनच डॉक्टरांना कळलं. कोंडाबाई ऊन लागून गेली होती.

"उद्या सकाळी अग्नी द्यायचाय," येडबा म्हणाला.

म्हाळसाबाईचं रडणं थांबलं. "डागदरसाब, माज्या पाठीवरचं काढा. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. काढावं, तर खालची कातडी धरायला अजून दहा दिवस होते; बाई हातची जाणार. आणि न काढावं, तर उद्या सकाळी काय होईल? मनात आलं ते डॉक्टर बोलून गेले, आणि बोलताना त्यांना लाज वाटली.

"येडबा, आईला पुरता येईल का?"

"आमच्यात जाळतेत, साब."

"आमच्यात पुरतात. माझे वडील, आजोबा, सगळे मातीत आहेत. शांत असतं सगळं."

"दादा, ऐक त्यांचं," म्हाळसाबाई म्हणाली.

येडबा बहिणीच्या पाठीकडं बघत राहिला. "भावकी शिव्या घालंल," म्हणाला, आणि तरी कबूल होऊन गेला.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर ओली फडकी घेऊन खाटेशी बसले. आठ वाजले, दहा वाजले, बारा वाजले. तुकडे गारच राहिले. त्यांचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी ते घरी जाऊन पोटभर जेवले.

कोंडाबाईला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी पट्टी ओलसर लागली. तिला उकरलेल्या जमिनीचा वास होता.

चौथ्या दिवशी तुकड्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या. खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. चादरीवर एकही मुंगी नव्हती.

डॉक्टरांनी भिंग धरलं.

त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी एक बारीक चावा उमटला. मग त्याच्याशेजारी दुसरा.

आग एका सकाळीत विझली असती, हे त्यांना आत्ता सुचलं.

म्हाळसाबाई ओरडली नाही. पालथी पडूनच तिनं हळू विचारलं, "साब, तुमच्यात पुरतेत म्हणलाव ना? मातीत किती दिस लागतेत?"