आर्जियाचं धाकटं पिंप

“खोटं बोलतोस तू, लेआर्को! आर्जिया मरताना तिच्या जिभेवर काय ठेवलंस ते सांग आधी!”

“तिचाच सिरका! किती वेळा सांगू, देसोलिना? कान आहेत की नुसती भोकं?”

“मग पिंपं विकायची एवढी घाई कशाला?”

बहीण-भावाचं हे भांडण माझ्या भिंतीपलीकडचं, म्हणून मी सांगते. संत जेमिनियानोच्या सणाची रात्र, एकतीस जानेवारी, साडेदहाचा सुमार. आमच्या मोदेना शहरात धुकं असं, की समोरचं दार दिसेना. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पोरांनो. पण देसोलिना गोष्टी रचत नाही, तेवढं डोकंच नाही तिला.

आमच्याकडे मुलगी जन्मली की माळ्यावर तिच्या नावाची पिंपं मांडतात. उतरत्या आकाराची पाच. द्राक्षांच्या रसाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, दरवर्षी मोठ्यातून लहानात सरकवायचा, आणि सगळ्यात धाकट्यातून थोडाच काढायचा. पिंप रिकामं करायचं नाही. कधीच नाही. या दोघांची थोरली बहीण आर्जिया. लग्न झालं नाही, पिंपं माहेरीच राहिली. बहात्तर वर्षं तिनं ती लेकरांसारखी सांभाळली. नोव्हेंबरात अंथरुणाला खिळली तेव्हा एवढंच मागितलं, माझ्या सिरक्याचा एक चमचा. लेआर्कोनं दिला. तिनं चाखला, भावाकडे नुसतं पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी गेली. शेवटपर्यंत एक शब्द नाही.

“मी वर जाऊन चाखते,” म्हणत देसोलिनानं किल्ली उचलली.

“या थंडीत? वेडी आहेस का? ... थांब. थांब म्हणतो ना!”

ती निम्मा जिना चढली, तेव्हा तो खालून बोलला.

“धाकट्यात काही नाही. एका हॉटेलवाल्याला सगळा उपसून दिला.”

“आणि तिला?”

“दुकानातला दिला. साखर घातलेला. मरणाऱ्या माणसाला काय कळतंय, म्हटलं.”

“तिला? नुसत्या वासावरून पिंपाचं लाकूड ओळखायची, तिला?”

ती चढत राहिली. तो मागोमाग. माळ्यावर दिवा लावला. धाकट्या पिंपाच्या तोंडावरचं फडकं ओलं होतं.

तिनं ते उचललं.

पिंप काठोकाठ भरलेलं. काळंभोर. जो सिरका व्हायला जन्म जातो, तो.

“रिकामं होतं म्हणालास...”

“होतं.”

“तूच भरलंस!”

“आईची शपथ, मी नाही!”

“मग कोणी?”

“ओरडू नकोस माझ्यावर!”

“मग कोणी, लेआर्को...”

पुढचं मला भिंतीतून ऐकू आलं नाही. देसोलिनानं सांगितलं. दोनदा, आणि दोन्ही वेळा तेच.

तेव्हापासून लेआर्को रोज साडेदहाला माळ्यावर जातो. हातात वाडगा आणि चमचा. तासभर चमच्याचा आवाज येतो. मीठ, साखर, दारू, आता कशाचीच चव लागत नाही त्याला. जीभ काळी पडलीय. डॉक्टरनं दोनदा तपासली आणि हात टेकले. गेल्या रविवारी मी स्वतः वर जाऊन फडकं उचललं. चार महिने रोज उपसलेलं पिंप.

काठोकाठ.

त्या रात्री दोघं एकमेकांवर ओरडत होते, तेव्हा पिंपांच्या मागून, अगदी रोजच्या आवाजात, आर्जिया म्हणाली,

“तिला कशाला ओरडतोस, लेआर्को... तू चाख, संपेपर्यंत चाख.”