कुरणाच्या फाटकावरचा बाण

“ब्रेक लावू नकोस! लावू नकोस!” पुढून मामेभाऊ जीव तोडून ओरडत होता.

तिने ब्रेक लावला. लावलाच! उतार दिसला की तिची बोटं आपोआप ब्रेकवर जायची, त्याला ती तरी काय करणार? सुट्टीला मामाकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी मामेभावाने तिचं बारसं करून टाकलं – ‘ब्रेक’! तो स्वतः सुसाट. कारण त्याला उतारावर ब्रेक आठवायचाच नाही. आणि त्याची धाकटी बहीण घंटी, कारण तिच्या सायकलची घंटी आणि तिचं तोंड एकाच वेळी चालू असायचं.

“पोहोचलीस एकदाची!” ब्रेक मामाच्या दुकानापाशी आली तेव्हा सुसाट म्हणाला. “आम्ही म्हातारे झालो वाट बघून!”

ब्रेक सायकलवरून उतरली. दुकानासमोर भलतंच दृश्य होतं. पाच-सहा सायकलस्वार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून उभे होते. मधे हातात पाना घेऊन मामा. मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण त्याचा जीव होता त्याने आखलेल्या सायकलवाटेत. सपाट शेतांच्या बांधावरून निघायचं, माळ ओलांडायचा, टेकड्यांवर चढायचं, उतरायचं आणि पुन्हा दुकानापाशी! जागोजागी पांढऱ्या रंगाचे बाण. दर रविवारी दुरून माणसं जाड टायरच्या सायकली घेऊन यायची.

“तुमच्या बाणाने आम्हाला सरळ म्हशींच्या तळ्यात नेलं हो!” एक जण म्हणाला.

“अशक्य! तो बाण टेकडीकडे दाखवतो. परवाच बघून आलोय.”

“म्हशींना विचारा! त्या साक्षीला आहेत!”

मामाला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात काठी आपटत कुरणवाल्या आजी आल्या. टेकडीच्या पायथ्याचं मोठं कुरण त्यांचं. मामाची वाट त्यांच्याच जमिनीवरून, कुंपणाला लागून जायची.

“अरे सायकलवाल्या, तुझी माणसं पुन्हा माझं फाटक उघडं टाकून गेली! वासरं माळभर उधळलीयत! आता शेवटचं सांगते. येत्या रविवारी एक जरी वासरू बाहेर दिसलं, तर तुझी वाट बंद!”

आजी गेल्या. मामा नुसता पान्याकडे बघत राहिला. कुंपणाकडेचा तुकडा गेला तर टेकड्यांकडे जायला रस्ताच नव्हता. ब्रेकला फार वाईट वाटलं. याच मामाने जुने भाग जोडून जोडून तिच्यासाठी ही सायकल तयार केली होती, तिच्या उंचीला अगदी बेतून!

दुपारी सगळे फाटकावर जाऊन आले. कुंपणाकडेने वाट जाते, डाव्या हाताला फाटक. फाटक नीट बंद होतं आणि त्याच्या फळीवरचा बाण वाटेच्या दिशेने, सरळ टेकडीकडे दाखवत होता.

“बघ! त्या लोकांनाच डोळे नाहीत,” सुसाटने निकाल देऊन टाकला.

ब्रेकला मात्र ते पटेना. इतक्या जणांना एकाच वेळी कसं दिसेनासं होईल? “ते सकाळी येतात,” ती म्हणाली. “आपण दुपारी बघतोय. उद्या सकाळी येऊ या.”

“सकाळी काय बाण झोपेत कूस बदलतो?” घंटी खिदळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाली. फाटकाच्या अलीकडच्या उतारावर सुसाट वाऱ्यासारखा सुटला आणि सरळ पुढे निघून गेला. ब्रेकने नेहमीप्रमाणे ब्रेक दाबला, हळूहळू उतरली, आणि अचानक थांबली.

“अरे, परत ये! बाण उजवीकडे आहे!”

“काहीतरीच!” सुसाट कुरकुरत वळला. “मला वाट पाठ आहे, बाण कशाला बघू?”

“म्हणून तर तुला कधी दिसला नाही! आता बघ!”

सुसाटने बघितलं आणि त्याचे डोळे विस्फारले. फाटक आतल्या बाजूला सताड उघडं होतं, दोरीने झाडाला बांधलेलं. बाणाची फळी आता बरोबर येणाऱ्याच्या समोर आली होती, आणि बाण दाखवत होता उजवीकडे. तिकडे घसरणीची पायवाट होती आणि तिच्या टोकाला म्हशींचं तळं!

“बाबांनी बाण फाटकावर काढला!” घंटी ओरडली. “हलणाऱ्या फाटकावर!”

“अगं, ती वासरं बघ आधी!” ब्रेक म्हणाली.

दोन वासरं शेपट्या उंचावून पळत सुटली होती. मग काय, एकच धावपळ! घंटी घंटी वाजवतेय, सुसाट हात पसरून आडवा होतोय, आणि वासरांना वाटतंय हा खेळच चाललाय! अखेर दोघांनाही आत ढकललं. गोठ्यापाशी दुधाची गाडी उभी होती.

“काका, तुम्ही फाटक उघडं ठेवलंत?” ब्रेकने विचारलं.

“मी?” दूधगाडीवाले काका कॅन उचलता उचलता गुरगुरले. “मी रोज लावतो! ते सायकलवालेच उघडं टाकतात. पळा इथून!”

दुकानात परतून मुलांनी सगळं सांगितलं. ते ऐकून मामाने कपाळावर हात मारला. “सबंध वाटेवर तेवढीच फळी गुळगुळीत सापडली, म्हणून तिच्यावर काढला! रंग आणला की बाण मी दुसरीकडे काढेन गं, पण वासरांचं काय? आजी त्या वेळी गोठ्यात धारेला बसलेल्या असतात. त्यांना हे कोण पटवणार?”

“सांगून नाही पटायचं. दाखवायला हवं,” ब्रेक म्हणाली. तिची नजर भिंतीवर लटकणाऱ्या जुन्या ट्यूबांवर खिळली होती. “मामा, त्यातल्या दोन देशील?”

शनिवारी संध्याकाळी आजींना विचारून मुलांनी फाटक आणि खांब यांच्यामध्ये ट्यूब ताणून बांधल्या. फाटक उघडून सोडलं की धाड! आपोआप बंद! झाडाची दोरीही सोडून आजींकडे दिली.

“आजी, सकाळी धार जरा उशिरा काढा,” घंटीने गळ घातली. “एक गंमत दाखवतो!”

रविवारी सकाळी कुरणातल्या चढावर गवताच्या गंजीमागे आजी आणि ब्रेक दबा धरून बसल्या, ब्रेकची सायकल शेजारीच. सुसाट बाहेर, लांबच्या एका झाडामागे लपला. घंटी पलीकडच्या उंचवट्यावर पहाऱ्याला.

दूधगाडी आली. काकांनी फाटक ढकललं आणि गाडीकडे वळले. धाड! त्यांनी दचकून मागे बघितलं. पुन्हा उघडलं. धाड! लाथ मारून उघडलं, पळत गाडी गाठली. धाड!

आजी पदर तोंडात दाबून हसत होत्या.

काकांनी चिडून दुधाचा भरलेला कॅन ओढत आणून फाटकाला अडसर लावला, आणि घाम पुसत ओरडले, “रोज मुकाट्याने उघडं राहतं! आजच काय अंगात आलंय याच्या?”

“असं होय!” आजी ताडकन उठल्या. “म्हणजे रोज तू उघडं टाकतोस! आणि मी त्या बिचाऱ्या सायकलवाल्यांच्या नावाने बोटं मोडतेय!”

काकांचा चेहरा पडला. “जाताना लावतोच की... सारखं उतरायचा कंटाळा येतो हो...”

आजींची सरबत्ती सुरू झाली. आणि त्या भानगडीत फाटक उघडंच राहिलं! तेवढ्यात उंचवट्यावरून घंटी खणाणली. सायकलस्वार आले! बाण उजवीकडे होता. सगळे पुन्हा तळ्यात जाणार, आणि मामाच्या वाटेवर कुणी फिरकणार नाही!

तिने सायकलवर उडी मारली. समोर उतार. बोटं सवयीने ब्रेकवर गेली. तिने ती उचलली. सायकल सुटली! वारा कानात शिरला, गवत दोन्ही बाजूंनी मागे पळालं.

“ब्रेक लाव! अगं, ब्रेक लाव!” सुसाट झाडामागून किंचाळला.

तिने ब्रेक लावला, कॅनपासून हातभर अंतरावर! सायकल टाकून तिने सगळ्या ताकदीने कॅन बाजूला लोटला. धाड! फाटक बंद! आणि त्याच क्षणी सायकलींची रांग फाटकाबाहेरून सरसर सरसर गेली. सरळ टेकडीकडे!

“सुप्रभात, म्हशींनो!” शेवटचा सायकलस्वार तळ्याकडे हात हलवून ओरडला.

ब्रेक हसता हसता गवतातच बसली. असा आनंद तिला कधीच झाला नव्हता.

त्या दुपारी मामा रंगाचा डबा घेऊन आला तेव्हा आजी तिथे हजर होत्या. “तुझी वाट राहील रे. या पोरांना मोठ्यांपेक्षा जास्त दिसतं! ट्यूबा मात्र तशाच राहू देत,” त्या म्हणाल्या. काका खाली मान घालून फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल देत होते.

मामाने कुंचला ब्रेकच्या हातात दिला. “काढ बाण. कुठे काढशील?”

“जे हलत नाही त्याच्यावर!” ती वाटेकडेच्या मोठ्या खडकासमोर उभी राहिली आणि टेकडीकडे दाखवणारा ठसठशीत बाण काढला.

सुसाटने कुंचला मागून घेतला. जीभ बाहेर काढून, सावकाश, बाणाखाली त्याने लिहिलं: ‘इथे ब्रेक लावा.’

“का रे?” तिने विचारलं.

“कारण लावल्याशिवाय काही दिसत नाही,” तो म्हणाला, आणि परत जाताना सगळ्या उतारावर तिच्या मागे मागे राहिला.