विस्कटलेला गठ्ठा

खोटं वाटलं तर वाटू दे. मी यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत हे घडलं, आणि भर दुपारी घडलं.

ताई अभिलेखागारात जुनी कागदपत्रं सांभाळते. दर पाच वर्षांनी त्यांना उजळणी वर्गाला बसावं लागतं. शेवटी परीक्षा. नापास झालं की नोकरी गेली. आणि ताईचं घर तिच्या एकटीच्या पगारावर.

वर्गातला पहिलाच धडा असा, की कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम मोडायचा नाही. ठेवणाऱ्याचं मन त्या क्रमात असतं.

परीक्षेसाठी ताईला एक पेटी दिली. कुणा अनोळखी बाईची चाळीस पत्रं. प्रत्येक तुकडीनंतर ती मुद्दाम विस्कटून ठेवत, पुढच्यांना सरावासाठी.

ताईने ती तारखेप्रमाणे लावली. खोलीला कुलूप घालून जेवायला गेली.

परत आली तर…

क्रम बदललेला.

वर्गातली पोरं तिला ‘हेडबाई’ म्हणून चिडवायची. त्यांचाच चावटपणा असणार, असं तिला वाटलं. तिने पत्रं पुन्हा लावली. या वेळी कुलूप घालून दाराबाहेरच बसली. किल्ली मुठीत.

आत… कागद सळसळला.

मग दुसरा. सावकाश. एकेक वाचून ठेवावा तसा.

तिने दार उघडलं. आत कुणी नव्हतं.

पत्रं पुन्हा त्याच बदललेल्या क्रमाने. सगळ्यांत वर एक रिकामं पाकीट.

वर्गाचे सर तपासायला आले आणि पाकीट बघून सांगू लागले. तीस वर्षांपूर्वी पेटी त्यांनीच उघडली होती. तेव्हाही वर हेच पाकीट होतं. क्रम टिपून घेण्याआधीच गठ्ठा त्यांच्या हातून सुटला होता.

त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मग नजर चुकवत म्हणाले, “आता विस्कटा, बाई. नियम आहे. त्याशिवाय मला सही करता येत नाही.”

ताईने गठ्ठ्याला हात घातला.

उचलेना.

पलीकडून… कुणीतरी धरला होता.

“माझी नोकरी आहे हो,” ताई हळूच म्हणाली. आणि हिसडा दिला.

नोकरी टिकली.

पण तेव्हापासून ताईच्या बोलण्यातला क्रम गेला. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी विचारते, आई जेवली का. माझ्या लेकीच्या सासरचं कौतुक सांगते… लेक अजून दहावीत आहे. डॉक्टर म्हणतात, ताण आहे, उतरेल.

काल दुपारी तिचा फोन आला. हुंदके आवरत नव्हते तिला. मलाच म्हणाली,

“धीर धर गं. तुझे हे गेले, पण मी आहे ना तुला.”

हे लिहितेय तेव्हा आमचे हे पलीकडच्या खोलीत चष्मा शोधतायत. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

कान मात्र तिकडेच लावून बसलेय.