आवाज बंद करून पाहिलेला चित्रपट

शेवटचा खेळ सुटला होता. ऑपरेटरकाकांनी तिकीटखिडकीची झडप खाली ओढली आणि पायरीवर टेकले. पडद्यावर चित्रपट दाखवण्यात त्यांची हयात गेलेली. आज त्यांचा भाचा दोन मित्रांना घेऊन भुताचा चित्रपट बघायला आला होता, आणि तिघंही खिदळत होते.

"काय हो मामा, भूत आलं तेव्हाच मला शिंक आली. भूतच दचकलं!"

"हसा, हसा," काका म्हणाले. "अडीचसुद्धा असाच हसायचा."

"अडीच कोण?"

"संध्याकाळच्या पेपरात चित्रपटांची परीक्षणं लिहायचा तो. कुठलाही चित्रपट दाखवा, पाचपैकी अडीच तारे. कमी नाही, जास्त नाही. लग्नासाठी बघितलेल्या मुली त्याला दोनच द्यायच्या, म्हणून लग्न राहिलं." पोरं हसली. काका हसले नाहीत. "त्यानं मला हे एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं की विषय बदलतो."

रस्त्यावरचा दिवा सोडला तर सगळीकडे अंधार होता. काकांनी सांगायला सुरुवात केली.

गोष्ट गेल्या वर्षीची, फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारची. अंधार पडता पडता अडीच आईची औषधं आणायला गेला होता. दुकानातच संपादक बाईंचा फोन आला.

"भुताच्या घराचा तो चित्रपट उद्या लागतोय. लिंक पाठवलीय, रात्रीतून परीक्षण दे. आणि हे बघ, या वेळी अडीच दिलेस तर सदर बंद. आवडला की नाही ते धड सांग एकदा."

"सांगतो, बाई."

घरी तो आणि आई, दोघंच. त्याच्या वर्षभर आधी आईला अर्धांगाचा झटका आला होता. डावं अंग गेलं, वाचाही गेली. उजवा हात तेवढा शाबूत. तिची खोली आणि अडीचची खोली म्हणजे मुळात एकच हॉल, घरमालकानं मध्ये प्लायवूडचं पार्टिशन घालून दोन केलेला. आईच्या उशाशी एक स्टीलचा चमचा असायचा. पार्टिशनवर एक ठोका म्हणजे पाणी. दोन ठोके म्हणजे कूस बदलून दे. तिनं आपलं आपण वळायचा प्रयत्न केला की ती मध्येच अडकायची, तोंड उशीत रुतायचं. एकदा तसं झालं होतं. ताई घरात होती म्हणून निभावलं.

ताई म्हणजे थोरली बहीण. पलीकडच्या गल्लीत राहायची, रोज संध्याकाळी येऊन आईला भरवायची. तिचा अडीचच्या हेडफोनवर भारी राग.

"कानांवर ते डबे चढवून बसतोस. इकडे आईचा जीव गेला तरी तुला पत्ता लागायचा नाही!"

"एक कान उघडा ठेवतो गं, ताई."

"शब्द दे."

"दिला."

त्या रात्रीही ताई आईला भरवून, भांडी घासून गेली. अडीचनं आईचं पांघरूण नीट केलं, दिवा मालवला आणि आपल्या टेबलाशी येऊन बसला. टेबल पार्टिशनला चिकटूनच. सुरुवातीला त्यानं शब्द पाळला. एक कान झाकलेला, एक उघडा. पण चित्रपट बेरकी होता. भूत दाखवतच नव्हता. रिकामं घर, एक बाई आणि बारीक बारीक आवाज. ते आवाज एका कानानं कसे तोलायचे? सदर तर वाचवायचं होतं. थोडाच वेळ, असं स्वतःला बजावून त्यानं दुसराही कान झाकला.

पडद्यावरच्या बाईनं भिंतीला कान लावला.

टक. टक.

अडीचच्या अंगावर सर्रकन काटा आला. कित्येक वर्षांत आला नव्हता तो. त्यानं चित्रपट थांबवून लिहून टाकलं: 'भिंतीतून येणारे ते दोन ठोके हा या चित्रपटाचा जीव आहे.' पुढे पुन्हा ठोके आले. पुन्हा दोनच. मग आणखी एकदा, जरा जोरात. अडीच खूश झाला. आज पहिल्यांदाच तो साडेचार तारे देणार होता.

पण त्याची एक पद्धत होती. भुताच्या चित्रपटाला तारे देण्याआधी तो आवाज बंद करायचा आणि सगळ्यात भीतिदायक भाग पुन्हा बघायचा. म्हणायचा, बहुतेक भुतं आवाजावरच पोट भरतात. नुसत्या चित्राची भीती वाटली तर चित्रपट खरा.

त्यानं तो भाग मागे घेतला. आवाज बंद केला. हेडफोन कानांवर तसेच.

बाई भिंतीपाशी आली. कान लावला.

टक. टक.

भास असेल. त्यानं आवाजाची खूण पाहिली. तिच्यावर काट होती. आवाज बंदच होता.

त्यानं हेडफोन काढले.

टक. टक.

पार्टिशनमधून. अगदी कानाशी.

दोन ठोके...

आई.

"म्हणजे, मामा... इतका वेळ त्याची आई..."

"ऐक."

तो धावला. दिवा लावला. आई अर्धवट वळलेली. तोंड उशीत. उजवा हात अंगाखाली दबलेला. त्यानं तिला उताणं केलं. ओठ काळेनिळे.

"आई! आई गं! श्वास घे... घे ना!"

काही नाही.

काही नाही.

मग घर्र करून एक श्वास आला. मग दुसरा. अडीच लहान पोरासारखा हुंदके देत रडायला लागला.

"चुकलो गं आई. तू कधीची ठोकत होतीस, आणि मला वाटलं सिनेमातलंच आहे..."

आईनं मान हलवली.

नाही.

"नाही काय? चमचा वाजवत नव्हतीस?"

पुन्हा तेच. नाही.

त्यानं चमचा शोधला. उशाशी नाही. पांघरुणात नाही. पलंगाखाली नाही. आईची नजर स्वयंपाकघराकडे वळली. तो उठून गेला. चमचा तिथे होता. घासलेल्या भांड्यांत, ताटांच्या मागे. ताईनं भांड्यांबरोबर धुतला होता आणि परत ठेवायला विसरली होती.

तो परत आला. आईचे दोन्ही हात हातांत घेऊन बसला. घट्ट धरून.

टक...

टक.

आईनं पार्टिशनकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती. ऐकायची सवय असल्यासारखी पाहत होती. ते बघून अडीच पार्टिशनकडे वळला.

"कोण... कोण आहे?"

...

पलीकडे त्याच्या टेबलावर चित्रपट चालूच होता. बिनआवाजाचा.

भाचा काकांजवळ सरकला. "आणि परीक्षण? किती तारे दिले?"

"दुसऱ्या दिवशी त्या जागी साबणाची जाहिरात होती."

सकाळी ताईला सगळं कळलं. ती अडीचला बोल बोल बोलली, मग आईच्या कुशीत तोंड लपवून रडली, आणि दुपारी सुताराला घेऊन आली. "हे आत्ताच्या आत्ता खोल," म्हणाली.

"उंदीर असेल हो, ताई," सुतार म्हणाला. "दोन फळ्यांमध्ये पोकळी असते. चार बोटांचीच, पण उंदराला पुरते."

त्यानं आईच्या बाजूची फळी उतरवली. उंदीर नव्हता. लेंडीसुद्धा नव्हती. खाली बोटभर धूळ, साचल्यापासून कुणी न हलवलेली. फळीच्या बाहेरच्या अंगाला आईच्या चमच्याचे टोचे होते. आतलं अंग गुळगुळीत.

मग त्यानं बॅटरीचा झोत समोरच्या फळीवर टाकला. अडीचच्या बाजूच्या.

वाकून तो ती फळी न्याहाळत राहिला.

"साहेब, तुम्ही खुर्चीवर बसता, तेव्हा तुमचा कान कुठे येतो?"

अडीचनं हातानं उंची दाखवली.

सुतारानं झोत तिथे नेला. फळीवर टोचेच टोचे. एकावर एक, दाट, लाकूड पांढरं पडेपर्यंत. आणि सगळे आतल्या अंगाला.